बल्बखाली निळी

मंगळवार, ९ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर ओळखून तू न वाचता फाडशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता टाइप करून चिकटवला आहे. फाडायचंच असेल तर शेवटी एक प्रश्न आहे तेवढा वाच आणि मग फाड.

इथे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच आहे. जिना उतरताना ती आधी त्याला शिव्या देते, मग पाय टाकते. दादा अजून कटाईच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मी गिरणीच्या रंगशाळेत कायम झाले. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, तोच रंग मी नव्या कापडावर उतरवून द्यायचा, हे माझं काम. माझ्या हातून गेलेला रंग अजून परत आलेला नाही. तू मला 'थर्मामीटर' म्हणायचीस. परवा साहेबही म्हणाले, "बाई, तुम्ही कधी तापत कशा नाही?" तुझी आठवण झाली. आठवण झाली एवढंच. पत्र लिहिण्याचं कारण ते नाही.

गेल्या आठवड्यात दादाने स्टोअरमधून एक कोरी सुरी आणली. त्यांच्या कारखान्याच्या हॉलमध्ये कटाईला वापरतात तसली, लांब पात्याची, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या मुठीची. सोबत कागदाच्या पुडीत प्लॅस्टिकची नखाएवढी एक कपची होती. निळी.

"हा रंग हवा मुठीला. अगदी हाच. जमेल?"

"कशाला?"

"एकाची सुरी हरवलीय गं. गरीब माणूस आहे. मुकादमाला कळलं तर घरीच बसवेल त्याला. तू बुडवून दे, मी गुपचूप फळीवर टांगून टाकतो."

भावोजी तिथेच कटाईला आहेत, तेव्हा तिथली पद्धत तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मला दादाने ती पहिल्यांदाच नीट सांगितली. हॉलमध्ये प्रत्येक माणसाच्या मुठीचा रंग वेगळा, एक रंग एकाचाच. संध्याकाळी सगळ्या सुऱ्या फळीवर आपापल्या खिळ्याला लागतात, मुकादम लांबून नुसते रंग बघतो, सगळे जागेवर दिसले की फळीपुढच्या जाळीचं कुलूप लावतो. सुरी हातात घेऊन बघत नाही. रंग दिसला म्हणजे माणूस हिशेबात आला.

मूठ नायलॉनची निघाली. बाकीची बरीचशी प्लॅस्टिकं रंगाला दाद देत नाहीत, नायलॉन देतं. कापडाला लावतो तोच रंग, पाण्यात थोडं आम्ल, पातेलं मंद आचेवर, उकळी फुटू द्यायची नाही, मूठ खाली आणि पातं वर करून दोरीने टांगायची. आधी साबणाने घासून तेलकटपणा पूर्ण काढायचा, नाहीतर तिथे डाग राहतो. हातमोजे घालायचे. माझ्या बोटांना आजवर कधी रंग लागलेला नाही, हे तुला सांगायला नको.

पहिली चाचणी मी एका जुन्या नायलॉनच्या कंगव्यावर केली. आई ओट्यापाशी येऊन म्हणाली, "कंगवे रंगवताय, सुऱ्या रंगवताय. लग्न कुणाचं आहे ते तरी सांगा मला." दादा खूप हसला. जरा जास्तच हसला.

प्रश्न असा: भावोजींच्या मुठीचा रंग कोणता? एका शब्दात लिहिलंस तरी चालेल. कारण विचारू नकोस. अजून कारण नाही.

थर्मामीटर


शनिवार, २० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'निळी. तुला काय करायचंय?'

बरोबर विचारलंस. माझ्याकडे उत्तर नाही, पण गेल्या काही दिवसांत जे ऐकलं ते लिहिते. जसं ऐकलं तसं. माझं मत घालत नाही.

कार्ड आलं त्या संध्याकाळी मी दादाला विचारलं, "सुरी कुणाची हरवली म्हणालास?"

"हिरव्यावाल्याची."

"मग मी निळा का करतेय?"

तो जेवत होता. त्याने आधी घास संपवला, पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला. "हिरवा म्हणालो का मी? निळ्यावाल्याची."

"निळा म्हणजे भावोजी."

"कोण भावोजी?" तो म्हणाला. "आपल्याला कुणी भावोजी नाही. तू रंग बघ, माणसं मी बघतो."

आई मध्येच म्हणाली, "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" मीठ बरोबर होतं.

दुसरी गोष्ट. मुकादमाने स्टोअरमधला सगळा माल मोजायचं ठरवलंय. खालच्या मजल्यावरच्या काकू आईला सांगत होत्या, "काहीतरी कमी भरतंय म्हणे, आणि मुकादम कुणाला सोडायचा नाही." त्याला हॉलमध्ये सगळे करवत म्हणतात, हे तुला माहीतच असेल. दादाला त्याचं नाव काढलं की आता तोंड धुवावंसं वाटतं. परवा आरशात दाढी करताना तो आपणहून म्हणाला, "करवतीचे दिवस भरलेत." मी विचारलं, "बदली आहे का?" तो आरशातूनच माझ्याकडे बघत राहिला. मग गालाचा फेस पुसत म्हणाला, "तसंच समज."

तिसरी गोष्ट. तुझ्या नवऱ्याचं आणि करवतीचं हॉलमध्ये भांडण झालं, सुट्टीवरून. भावोजी ओरडून म्हणाले, "एक दिवस बघूनच घेतो तुम्हाला." हे खरं आहे का? दादा ते घरी येऊन आईला सांगत होता, हातवारे करून, जणू सिनेमा बघून आलाय. "अख्ख्या हॉलने ऐकलं, आई. अख्ख्या हॉलने." भावोजी असे चिडून बोलणारे आहेत का, हे मला माहीत नाही. मी त्यांच्याशी कधी धड बोललेच नाही. एकदा तुला न्यायला आले होते तेव्हा खाली उभे होते आणि वर खिडकीत मला बघून त्यांनी नमस्कार केला होता. मी मान हलवली होती.

एक निळी मूठ फळीवर आहे. ती हरवलेली नाही, भावोजी रोज तीच वापरतात. मग दुसरी निळी कशाला हवी? हे तू भावोजींना विचार. मी इथे दादाला पुन्हा विचारणार नाही. विचारलं की तो खोटं बोलतो आणि पुढच्या वेळी जास्त नीट बोलतो.

रंग अजून दिलेला नाही. जुळत नाही म्हणून सांगितलं आहे. तो रोज पातेल्यात डोकावतो.

थ.


शुक्रवार, २६ फेब्रुवारी

ताई,

भावोजींना विचारलंस की नाही ते कळलं नाही. तुझं उत्तर आलं नाही. आता मी सरळ लिहिते. माझ्याकडे पुरावा नाही. निळ्या मुठीची सुरी घरात असणं हा कुठला गुन्हा नाही.

मला वाटतं ते असं. एका संध्याकाळी भावोजींची खरी निळी फळीवरून काढली जाईल आणि तिच्या खिळ्याला माझी निळी टांगली जाईल. करवत लांबून रंग बघेल, सगळं जागेवर, कुलूप लावेल. सगळे घरी जातील. करवत एकटा स्टोअरमध्ये माल मोजायला थांबेल. दादा बरोबर असेलच, स्टोअर त्याचं आहे. त्याच्याकडे जाळीची दुसरी किल्लीही आहे. मग जे व्हायचं ते खऱ्या निळीने होईल. नंतर माझी निळी खिळ्यावरून गायब होईल. सकाळी सगळ्यांना दिसेल ते एवढंच: करवत, भावोजींची सुरी आणि फळीवर एक रिकामा खिळा. आणि 'बघून घेतो' हे तर अख्ख्या हॉलने ऐकलेलंच आहे.

माल मोजायचं काम सोमवारी आहे. दादानेच सांगितलं, न विचारता.

तू म्हणशील, मग 'नाही' का म्हणाली नाहीस? नाही म्हटलं असतं तर त्याने मूठ दुसऱ्या कुणाकडून रंगवून घेतली असती, आणि मला काही कळलंही नसतं. काल मी त्याला सुरी रंगवून दिली. पण कशी दिली ते नीट वाच. याच्यावर सगळं आहे.

दोन रंग एका उजेडात अगदी सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात, असं होतं. दुकानात जुळलेला ब्लाउज रस्त्यावर आल्यावर साडीला जुळत नाही, ते याचमुळे. रंगशाळेत हा सगळ्यात मोठा दोष. त्यासाठी आमच्याकडे एक पेटी असते, आत वेगवेगळे दिवे, बटण दाबून नमुना प्रत्येक उजेडात बघायचा. असा दोष पकडायला मला ठेवलंय. तो मुद्दाम करता येतो हे मात्र मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी निळा निवडला तो असा, की पिवळ्या बल्बखाली त्यातली लाली मरते. आपल्या स्वयंपाकघरात पिवळा बल्ब आहे. तिथे माझी मूठ आणि ती कपची शेजारी ठेवली तर मलासुद्धा ओळखता येत नाही. दादाने बल्बखाली दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या. "हुशार माझी बहीण," म्हणाला आणि डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी.

हॉलमध्ये पांढऱ्या ट्यूब आहेत. ट्यूबखाली माझी मूठ जांभळी दिसते. थोडी नाही, चांगली जांभळी. रंगशाळेच्या पेटीत बघून खात्री केली आहे.

भावोजींना एवढंच सांग. रोज कुलूप लागायच्या आधी आपला खिळा बघा. निळ्याच्या जागी जांभळं दिसलं तर घरी निघू नका. जोरात ओरडा. सगळ्यांसमोर, करवतीसमोर. तो माणूस नजरेने रंग मोजतो. एकदा दाखवल्यावर त्याला दुसरं काही सांगावं लागणार नाही.

तुझा माझ्यावर विश्वास नाही हे मला माहीत आहे. माझ्यावर ठेवू नकोस. उजेडावर ठेव.

हे पत्र आई पेटीत टाकणार आहे. मला कामावर लवकर जायचंय आणि ती बाजारात निघालीच आहे. पिशवी घेऊन दारात उभी आहे. 'कुणाला एवढं लिहितेस' असं विचारत नाही. ती विचारत नाही हे मला आवडलेलं नाही.

थ.


सोमवार, १ मार्च

ताई,

मागचं पत्र तुला मिळालं नाही. ते या पत्रासोबत आहे. घडीवर जो तेलकट डाग आहे तो दादाच्या अंगठ्याचा. आधी ते वाच, मग पुढे.

काल रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालून गच्चीवरून खाली आले तर दादा स्वयंपाकघरात स्टुलावर उभा होता. बल्ब काढून ठेवला होता. तो पांढरी ट्यूब बसवत होता. आई स्टूल धरून उभी होती.

"या उजेडात आईला बरं दिसत नाही," तो म्हणाला. "म्हटलं, बदलून टाकू."

ट्यूब लागली. त्याने खिशातून पुडी काढली, कपची ओट्यावर ठेवली, शेजारी सुरी ठेवली. कपची निळी. मूठ जांभळी. मग त्याने माझं पत्र ठेवलं, उघडून, नीट सपाट करून.

"ताईला एवढं लांबलचक लिहिलंस. मला दोन शब्दांत विचारायचं होतंस."

"विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंस." तो स्टुलावर बसला. "तू चुकत नाहीस. शाळेपासून चुकत नाहीस. बाई सांगायच्या आईला, या मुलीच्या वहीत खाडाखोड सापडत नाही. तेव्हा हे जांभळं काही चुकून झालेलं नाही."

मी आईकडे पाहिलं. तिने पत्र पेटीत टाकायचं सोडून त्याच्या हातात दिलं होतं. ती बल्ब पदराने पुसत होती, तो पुन्हा लावायचा असल्यासारखा.

"कर बाई तो म्हणतो तसं," ती म्हणाली. "घरातलं घरात राहू दे."

"ताईसुद्धा घरातलीच आहे."

"ती गेली," आई म्हणाली.

दादा म्हणाला, "करवतीला मी नुसता घाबरवणार आहे. तू भलतंच काहीतरी लिहून बसलीस." हे म्हणताना त्याचा आवाज इतका गोड होता की मी पातेल्याकडे बघायला लागले. मग तो म्हणाला, "आणि नाही जमत म्हणालीस तरी माझी काही जबरदस्ती नाही. मी आजच ताईकडे जातो. तुझं पत्र नेऊन देतो. सुरीही नेतो बरोबर. रंग दाखवायला."

मी पातेलं ठेवलं.

जांभळेपणा मारायला मोरपंखी लागतो. तो घरात होता. मी पाणी तापवलं, सुरी दोरीला टांगली, रंग थेंबाथेंबाने सोडत गेले. तो शेजारी बसून होता. दर थोड्या वेळाने मूठ बाहेर काढायला लावायचा, ट्यूबखाली बघायचा, खिडकीत उन्हात नेऊन बघायचा, पुन्हा बल्ब लावून बघायचा. शिकला आहे. एकदा तर म्हणाला, "आता यात मजा आहे गं. तुला रोज असं करायला मिळतं?" आणि मी, ताई, उत्तर दिलं. म्हणाले, "रोज इतकं बारकाईने नाही." आम्ही दोघं त्या मुठीवर वाकून उभे होतो, लहानपणी पतंगाच्या दोऱ्याला मांजा लावताना वाकायचो तसे.

तो रंग आता सगळीकडे जुळतो. बल्बखाली, ट्यूबखाली, उन्हात. माझ्या हातून इतका अचूक रंग कधी झाला नव्हता. तेव्हा मागच्या पत्रात जे सांगितलं ते आता उपयोगाचं नाही. फळीकडे नुसतं बघून काही कळणार नाही.

पण हे लिहून घे. हॉलच्या मुठी कारखान्यातच निळं प्लॅस्टिक ओतून केलेल्या असतात. आतबाहेर निळ्या. माझी फक्त कातडीपुरती निळी आहे, आत पांढरीच आहे. बुडाशी टोकदार काहीही घासलं की पांढरा चरा उठेल. रंगाच्या धंद्यात नसलेल्या माणसाला हे सुचत नाही. दादाला सुचलेलं नाही.

जाताना तो माझं पत्र ओट्यावर विसरला. किंवा विसरला नसेल. आज सकाळी निघताना त्याने डबा घेतला नाही. "आज बाहेरच खाईन," म्हणाला. सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि आईच्या पाया पडला. तो कधी पाया पडत नाही. आई तेव्हापासून देवासमोर बसली आहे. मी दार ओढून घेतलं तरी तिने वळून पाहिलं नाही.

भावोजींची या आठवड्यात दुपार ते संध्याकाळ पाळी आहे, हे दादा फोनवर कुणाशी तरी बोलताना कळलं. म्हणजे अजून ते घरी असतील. हे मी बसथांब्यावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण कागद गुडघ्यावर आहे. दुसरं काही नाही. पोस्टावर आता भरवसा नाही, म्हणून स्वतः येते आहे. तू दार उघडशील याचीही खात्री नाही. मी तुझ्या जागी असते तर उघडलं नसतं. नाही उघडलंस तर ही दोन्ही पत्रं फटीतून आत सरकवीन आणि बाहेरच उभी राहीन. भावोजींना कामावर निघायचं आहे, तेव्हा कधीतरी दार उघडावं लागेलच.

उघडलंस तर वाचत बसू नकोस. माझे हात बघ.

काल दादाने पातेल्यापाशी विचारलं होतं, "आज हातमोजे नाही घातलेस?" मी म्हणाले, "फाटले." फाटले नव्हते. शेल्फवर डब्यात होते, माझ्या हाताच्या अंतरावर. हा रंग नायलॉनला धरतो तसाच माणसाच्या कातडीलाही धरतो. साबणाने जात नाही, राखेने जात नाही. वरची कातडी झडेपर्यंत राहतो. मी दर वेळी मूठ बाहेर काढण्याआधी पाणी सोसेल इतकं निवू देत होते आणि हात मनगटापर्यंत बुडवत होते, आणि तो मुठीकडे बघत होता.

बसथांब्यावरची एक बाई मघापासून टक लावून बघतेय. आत्ताच म्हणाली, "काय गं, शाई सांडली का?" मी म्हणाले, "नाही, मी सांडली."

भावोजी निघतील तेव्हा मी त्यांच्याबरोबर हॉलच्या गेटवर येणार आहे. करवतीला बाहेर बोलावून घ्यायचं. आज संध्याकाळी फळीच्या कुलपाला हात लावायच्या आधी निळी खाली काढा, बुडाशी घासून बघा, असं त्याला सांगायचं. कुणी रंगवली म्हणून तो विचारेल. तेव्हा ती मूठ आणि माझे हात त्याच्यापुढे शेजारी शेजारी धरायचे.

हवं तर ट्यूबखाली, हवं तर उन्हात. कुठल्याही उजेडात जुळतील.